शाहीन मॅडमचं कुलूप

आमच्या कॉलेजच्या ईमेलवर दर दोन महिन्यांनी दोन ओळींचा एक निरोप येतो. तो कोणी माणूस पाठवत नाही, सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम पाठवतो. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं, नवी मुदत अमुक तारखेपर्यंत, एवढाच मजकूर. प्राचार्य तो वाचत नाहीत. कार्यालयातलं दुसरं कोणीही वाचत नाही. मी वाचतो, कारण मी या कॉलेजचा लेखापाल आहे आणि तारीख दिसली की ती मागच्या तारखेशी ताडून पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तो निरोप वाचला की शाहीन मॅडम आठवतात. आणि त्या आठवल्या की खुर्चीत बसवत नाही. एकदा व्हरांड्यात जाऊन यावं लागतं. ही त्यांचीच लागण.

मेहकरच्या आमच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. मूळच्या मेहकरच्याच. वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या. यजमान हबीबभाई एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. मॅडम ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, डोक्यावर ओढणी घट्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना बसलेलं पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही. टेबलाच्या चारी पायांखाली त्यांनी विटा लावून घेतल्या होत्या, म्हणजे उभ्यानं टाइप करता येईल. कॉम्प्युटर सुरू व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात त्या दोन कप विसळून यायच्या. चहा अर्धाच प्यायच्या. उरलेला कुठल्या तरी खिडकीत सापडायचा.

कॉम्प्युटरशी त्या बोलायच्या, आणि ते बोलणं माणसाशी बोलावं तसंच असायचं. "चाल ना बे," असं त्या पडद्याला म्हणत. "कोणाची वाट पाहून राह्यला तू?" पान उघडेपर्यंत बोट त्याच त्याच बटणावर मारत राहायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'रिफ्रेश मॅडम' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कोणी तरी ते लिहून ठेवलं, तर त्यांनी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि शिकवायला लागल्या. पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी. चुकीचं अक्षर डोळ्यासमोर ठेवून त्यांना शिकवता आलं नसतं.

एकदा विद्यापीठाला पाठवायची यादी छापायची होती. प्रिंटर जुना, जरा विचार करून छापणारा. मॅडमनी बटण दाबलं, कागद आला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग त्या तावातावानं शेजारच्या खोलीत तार तपासायला गेल्या आणि इकडे प्रिंटर सुरू झाला. परत आल्या तेव्हा जमिनीवर त्याच यादीचा ढीग पडला होता. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, एवढ्या प्रती कशाला?" त्या म्हणाल्या, "सर, त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असतं तर एकच निघाली असती." चूक प्रिंटरची, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

हबीबभाई त्यांच्या अगदी उलट. शांत, जड पावलांचा माणूस. लग्नाआधी मॅडम कॉलेज शिकायला बुलढाण्याला जायच्या, तेव्हाची गोष्ट ते सांगतात. गाडी मेहकरच्या स्टँडवर लागली होती. एक मुलगी आली आणि ड्रायव्हरच्या खिडकीवर टकटक करून म्हणाली, "काऊन नाही निघत?" हे म्हणाले, "वेळ व्हायची हाय." तिनं विचारलं, "कोणाची वेळ? बसलेल्यांची का न आलेल्यांची?" पुढे घरच्यांनीच दोघांचं जमवलं. पण त्या दिवशी गाडी वेळेवरच निघाली, एवढं ते प्रत्येक वेळी बजावून सांगतात.

आता कुलपाचं सांगतो. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी पूर्वी कुलपाचं चित्र दिसायचं. आता काही मोबाइलवर ते दिसत नाही, पण आमच्याकडे सगळे अजून त्याला कुलूपच म्हणतात. ते असलं म्हणजे हे संकेतस्थळ खरं आहे आणि तुम्ही भरलेली माहिती मधे कोणी वाचणार नाही. त्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं. त्याची मुदत संपली की फोनवर मोठा इशारा येतो, पुढे जाऊ नका, इथे धोका आहे. शहरातली माणसं तो इशारा ओलांडून पुढे जात असतील. आमच्याकडे खेड्यातला बाप मुलीचा प्रवेशअर्ज भरताना तो इशारा पाहतो आणि फोन बंद करतो. मग मुलगी दुसऱ्या कॉलेजात जाते, किंवा कुठेच जात नाही.

आधी हे सगळं पुण्याची एक कंपनी करायची. वर्षाचं प्रमाणपत्र, वर्षाचं काम. तो करार संपला तेव्हा मॅडमनी हट्टानं ते काम स्वतःकडे घेतलं आणि तीन महिने चालणारं फुकटचं प्रमाणपत्र लावलं. ते मिळवण्याची पद्धत त्यांनी मला एकदा समजावून सांगितली. प्रमाणपत्र देणारे म्हणतात, हे नाव तुमचंच आहे हे दाखवा. त्यासाठी ते अक्षरांची एक विचित्र माळ देतात. ती तुमच्या नावाच्या नोंदीत टाकायची. नोंद म्हणजे कोणतं नाव इंटरनेटवर कुठल्या पत्त्यावर राहतं, ते जगाला सांगणारी यादी. ती माळ बाहेरून दिसली की झालं. "समजा घर तुमचं हाय," मॅडम म्हणाल्या, "तर दारावर ही चिठ्ठी चिकटवा, आम्ही रस्त्यावरून पाह्यतो. बस." हातानं चिठ्ठी चिकटवायची म्हणजे दर तीन महिन्यांनी मेहकरात हजर असायला हवं. म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लावला, जो मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून दिवसातून दोनदा स्वतःच चिठ्ठी चिकटवून पाहतो. हिवाळ्यात तो एकदा बिनबोभाट चालला. मॅडम त्या दिवशी खूश होत्या, पण अस्वस्थही होत्या. काम आपोआप होतंय आणि आपण नुसतं पाहायचं, हे त्यांना जमत नव्हतं.

त्याच सुमाराला हजच्या सोडतीत त्यांचं आणि हबीबभाईंचं नाव निघालं. आणि तारखा अशा आल्या की बारावीचा निकाल, आमचे प्रवेश आणि प्रमाणपत्राची मुदत, तिन्ही त्या तिकडे असताना. मॅडम म्हणाल्या, काही नाही, प्रोग्रॅम करते ना. लॅपटॉप इथेच ठेवीन, तिकडे मला हे काही नको. हे त्यांनी कार्यालयात येऊन सर्वांसमोर सांगितलं, आणि दारातून परत येऊन पुन्हा सांगितलं.

निघायच्या आठवड्यात प्रोग्रॅमनं काम सुरू करायचं होतं. त्यानं केलंही, आणि निरोप आला की नूतनीकरण झालं नाही.

पहिल्या दिवशी त्या हसल्या. नोंद जगभर पोचायला वेळ लागतो, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. प्रोग्रॅमला नोंदीत लिहायची परवानगी देणारी किल्ली जुनी झाली असेल म्हणून नवी किल्ली केली. सर्व्हरचं घड्याळ तपासलं. चिठ्ठी चिकटली का हे पाहायला लॅपटॉपवरून त्या जगाला विचारायच्या आणि दर वेळी उत्तर यायचं की हो, दिसते आहे, हीच ती माळ. आणि तिकडून निरोप यायचा की दिसत नाही. "मले दिसते, राऊतभाऊ, साऱ्या दुनियेले दिसते," त्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "फक्त ज्याले पाहायचं त्यालेच दिसत नाही." पुन्हा गेल्या. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शेवटी प्रमाणपत्र देणाऱ्यांनी कळवलं की चुकलेले प्रयत्न फार झाले, आता तासाभरानं या.

एक तास. मला त्यांच्या चेहऱ्याची काळजी वाटली. त्या लॅबमध्ये एकदा उजवीकडून डावीकडे गेल्या, परत आल्या, आणि मग ओढणी सारखी करून म्हणाल्या की ठीक आहे, हा तास मी माफीला देते.

हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना भेटतो आणि म्हणतो, कहा-सुना माफ करा. मन दुखावलं असेल, वाकडं बोललो असेल, ते इथेच मिटवून जायचं. लोक सावकाश, घरी जाऊन, चहा घेत ही माफी मागतात. मॅडमनी ती आमच्या कॉलेजात धावत मागितली. लॅबच्या दारात शिपाई सुखदेव होता. दोघांचं कित्येक वर्षांचं भांडण होतं.

"सुखदेव, कहा-सुना माफ करजा."

"कोणतं, मॅडम?"

"सारंच."

"ते पंख्याचं बी?"

"पंख्याची मी माफी मागत नाही, पंखा तूच बिघडवला. बाकीचं."

सुखदेव खरोखरच विचार करायला लागला. तो माणूस प्रामाणिक आहे, आठवून आठवून माफ करत असणार. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर. "लवकर बोल ना, मले अजून लायब्ररीत जायचं हाय." त्यानं केलं म्हटलं, आणि म्हणता म्हणता त्याचेच डोळे भरले. तो म्हणाला, मॅडम, तिकडे माझ्या पोरीसाठी दुवा मागजा. मॅडम तिथे थांबल्या. पोरीचं नाव विचारलं, काय होतंय ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं. त्या तासातला बराच वेळ तिथेच गेला असावा.

मग लायब्ररी, मग प्राचार्य, मग कॅन्टीन. माझ्याकडे आल्या तेव्हा मी पटकन म्हटलं, माफ केलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "इतक्या लवकर? तुम्ही तर बेरीज दोनदा करता."

तास संपला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नाही.

आता निघायला दोनच दिवस उरले होते. त्यांनी शेवटी नको तो फोन केला, पुण्याच्या त्या जुन्या कंपनीला. मी समोरच होतो. फोन स्पीकरवर होता, कारण तो कानाला लावून उभं राहिलं की त्यांना हात हलवता येत नसत. पलीकडे एक तरुण आवाज होता, अदबीचा. मॅडम त्याला वऱ्हाडी वळणाच्या पुणेरी मराठीत सगळं सांगायला लागल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, कुठल्या नावाचं म्हणताय? तुमची दोन आहेत."

"दोन्हीचं. एकच तर हाय ते."

"एक नाहीये. एक तुम्ही नेलंत. दुसरं अजून आमच्याकडेच आहे. एच असलेलं."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. हे बसणं मला नवीन होतं.

आमच्या जिल्ह्याचं, म्हणजे बुलढाण्याचं, नाव कोणी ड लिहितं, कोणी ढ. बोलताना कोणी काहीही म्हणो, ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं. पाट्यांवर दोन्ही आहे, लग्नपत्रिकांवर दोन्ही आहे, आणि त्यावर कोणी थांबत नाही. आमच्या संकेतस्थळाच्या नावात जिल्ह्याचं नाव आहे. पहिल्यांदा ते ड धरून घेतलं होतं, इंग्रजीत नुसता डी. मग संस्थेच्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून ढ धरूनही एक नाव घेऊन ठेवलं, डीच्या पुढे एच. ते पडून होतं. कोणी ढ टाकलं तरी साइट उघडायची, म्हणून दोन्ही आपल्याकडेच आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. यंदा माहितीपुस्तिका आणि बॅनर छापताना अध्यक्षांनी ढ छापायला लावलं. हिवाळ्यातलं नूतनीकरण तोवर होऊन गेलं होतं, म्हणून पुढच्या वेळेसाठी मॅडमनी ती दोन्ही नावं एकाच प्रमाणपत्रात घातली, आणि आपल्या यादीत ढच्या नावाचीही नोंद केली. पण ढ विचारणाऱ्याला जग अजून पुण्याच्या यादीकडे पाठवत होतं. प्रोग्रॅम इमानेइतबारे चिठ्ठी चिकटवत होता, आणि तपासणारा दुसऱ्याच दाराशी उभा होता. दोन्हींपैकी एक नाव अडकलं की पूर्ण प्रमाणपत्र अडकायचं. नकाराच्या निरोपात तो एच स्पष्ट लिहिलेला होता. तो आम्ही दोघांनीही वाचला होता. आणि तपासायची वेळ आली की मॅडमची बोटं दर वेळी सवयीनं एच वगळून टाइप करत होती, म्हणून त्यांना उत्तर बरोबर येत होतं. पुण्याच्या मुलाला आमचं गाव माहीत नव्हतं, म्हणून त्याला ती दोन नावं दिसली.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस ढ मीच होती."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे वडील कुठलीही पाटी घ्यायच्या आधी, ब्रश रंगात बुडवायच्या आधी, गिऱ्हाइकाला विचारायचे, ड का ढ? जिल्हा कितीही वेळा रंगवला असो, प्रत्येकाला विचारायचे. लोक चिडायचे, म्हणायचे चाचा, काहीही टाका. तरी विचारायचे. "बापानं जलमभर विचारलं," मॅडम म्हणाल्या, "अन् मी मशीनले सांगताना एकदाही स्वतःले विचारलं नाही."

मी म्हटलं, ढ काढून टाका, ड तेवढं चालू ठेवा. हिशोबाच्या माणसाला असं सुचतं. त्यांनी डोकं हलवलं. बॅनर लागले होते, मेहकरच्या स्टँडवरही. लोक तेच टाइप करणार होते. ढ पुण्याहून सोडवून आपल्या यादीकडे वळवायला हवं होतं, आणि त्यासाठी कंपनीला अध्यक्षांच्या सहीशिक्क्याचं पत्र हवं होतं. अध्यक्ष होते जानेफळला, नातलगाकडच्या लग्नात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हबीबभाईंनी त्यांची जुनी जीप काढली. मी पत्र टाइप करून घेतलं होतं आणि संस्थेचा शिक्का रुमालात बांधून घेतला होता. हबीबभाई गाडी चालवतात ती अजून एस.टी.च. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन माणूस उभा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. "अजी, बस नाही ही तुमची," मॅडम मागून म्हणाल्या. "माहीत हाय," हबीबभाई म्हणाले, आणि पुढच्या फाट्यावर पुन्हा वेग कमी केला. तिथे एक म्हातारा खरोखरच चढला. मॅडम बाजूला सरकल्या, त्याच्या पिशवीला जागा दिली, आणि जानेफळ येईपर्यंत त्याच्या मक्याबद्दल बोलत राहिल्या. पण बूट सारखा जीपच्या पत्र्यावर वाजत होता.

लग्न लागून गेलं होतं. मांडवात जेवणं चालली होती. अध्यक्ष, मोठे शेतकरी, कॉलेजला जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली, पंगतीत वाढणाऱ्यांवर देखरेख करत उभे होते. आम्हाला पाहून खूश झाले. आधी जेवा, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, आधी सही. त्यांनी पत्र वाचलं. मग शाळेतल्या पोराला समजवावं तशा सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही देवाच्या कामाले चालल्या. हे काय घेऊन बसल्या? आल्यावर पाहू. नाही तर पुन्हा पुण्याच्या कंपनीले देऊन टाकू."

मॅडम त्या गर्दीत, भोंग्याच्या आवाजात, नेहमीपेक्षा हळू बोलल्या.

"साहेब, मी सगळ्याईची माफी मागून राह्यली. ज्याले ओळखते त्याची मागता येते. निकालाच्या दिवशी एखादी पोरगी तुमचं बॅनर पाहून नाव टाकीन अन् तिच्या बापाले धोका दिसीन. तो फोन बंद करीन. ती पोरगी कोण, मले कधी कळणार नाही. तिची माफी मी कोणाजवळ मागू?"

अध्यक्षांनी हात पुसले आणि खिशातून पेन काढलं.

सही झाली. मी शिक्का मारला. मग पाहतो तर पत्राच्या मथळ्यावर ढ, आणि शिक्क्यात ड. शिक्का जुना होता. पुण्याचा मुलगा नुसत्या एचवरून दोन घरं वेगळी ओळखतो, तो हे चालवून घेईल का? मॅडमनी तिथल्या तिथे, मांडवाच्या खांबाला टेकून, त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, दोन्हीकडे नाव वेगळं आहे. अध्यक्ष म्हणाले, वेगळं कुठे, एकच तर आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं आणि पत्राच्या खाली एक ओळ लिहिली: वरील दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची असून संस्था एकच आहे. लेखापाल म्हणून मी खूप काही प्रमाणित केलं आहे, पण एवढ्या खात्रीनं क्वचितच. अध्यक्षांनी त्याखाली पुन्हा सही केली. या वेळी पुण्याला ते चाललं.

त्या संध्याकाळी पुण्याहून नाव सुटलं. पण जगाला कळायला वेळ लागतो. काही तास, कदाचित एक-दोन दिवस. हे थांबणं बटण दाबून कमी होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नागपूरला निघायचं होतं, तिथून विमान. निरोपाला गल्लीतली माणसं जमली होती, हार घातले जात होते. मॅडमनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "मले कळवू नका," म्हणाल्या. "झालं तरी नाही, नाही झालं तरी नाही. कळवलं तर मी पुन्हा विचारीन. मग पुन्हा विचारीन. तुम्ही मले ओळखता." गाडीत चढल्या आणि खिडकीतून कोणाकडे तरी पाहून हात हलवला. माझ्याकडे नाही.

त्या दिवशी प्रोग्रॅमचा सकाळचा प्रयत्न चुकला. संध्याकाळचाही. मी जेवण नीट केलं नाही. घरी बायको म्हणाली, तुमचं काय चाललंय, कॉलेज तुमचं आहे का? पुढच्या दिवशी मी कार्यालयात बसून दर थोड्या वेळानं ईमेल उघडत होतो. टेबलाभोवती किती वेळा फिरलो ते सुखदेवनं मोजलं असेल. सकाळ दुपारकडे सरकायला लागली तेव्हा निरोप आला. झालं होतं. मी आधी विश्वास ठेवला नाही. फोनवर एकदा एच घालून नाव टाकलं, एकदा एच न घालता. दोन्ही उघडली. दोन्हींच्या प्रमाणपत्रावर नवी तारीख होती. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि कागदाकडे पाहत बसलो. कोणाला सांगायचं, हा प्रश्न पडला. सांगू नका असं स्पष्ट सांगितलेलं.

तेवढ्यात हबीबभाईंचा व्हिडिओ कॉल आला. विमानाआधी हाजींना जिथे थांबवतात तिथून. त्यांचा चेहरा पडद्याला इतका चिकटलेला की नुसतं नाक दिसत होतं. आवाज दबलेला. "राऊतभाऊ, झालं का ते?"

"झालं."

"पक्कं?"

"पक्कं."

"ती विचारत नाही," हबीबभाई म्हणाले. "एक शब्द नाही. पण पाहा." आणि त्यांनी फोन वळवला.

मोठा हॉल होता. माणसं सतरंज्यांवर, बॅगांना टेकून बसलेली, काही पेंगत असलेली. बॅगांच्या दोन रांगांमधून शाहीन मॅडम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. हातात तस्बी, म्हणजे जपाची माळ होती, ओठ हलत होते. भिंतीपाशी पोचल्या की वळायच्या. पोरं म्हणायची तशा रिफ्रेश होत होत्या, पण त्यांच्या हाताशी आता बटण नव्हतं.

"सांगू का?" हबीबभाईंनी विचारलं. "नको म्हणली होती."

मी म्हटलं, सांगा.

पडदा हलला, छत दिसलं, मग पुन्हा त्या दिसल्या. हबीबभाई काही तरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी फोन हातात घेतला.

"दोन्ही नावं?"

"दोन्ही."

"तुम्ही सोता पाह्यलं?"

"वेगवेगळी टाइप करून पाहिली. तारीख लिहून घेतली आहे, सांगू?"

त्या तारीख विचारणार, असं मला वाटलं. माझा कागद हातात तयार होता.

"नको," म्हणाल्या. "राहू द्या." मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, भरभर, जसं त्या सगळंच करायच्या. "सुखदेवले सांगजा, त्याच्या पोरीचं नाव माझ्या ध्यानात हाय."

फोन त्यांनी हबीबभाईंकडे दिला. तिकडे कोणी तरी नावं पुकारायला लागलं. हबीबभाई गडबडले, कॉल बंद करायचा राहून गेला आणि फोन हातात उलटा लटकत राहिला. मला फरशी दिसत होती, बॅगांची चाकं, आणि पाय, म्हाताऱ्यांचे, बायकांचे, सगळे एकाच दिशेनं निघालेले. पुढून कुठून तरी आवाज आला, "अजी, चला ना, काऊन थांबले?"

मग मीच फोन बंद केला.